सोलापूर ते सोलापूर, पाच दिवसांचं कोकण दर्शन: बसच्या सहलीत काय मिळतं आणि काय राहून जातं

गुरुवारी रात्री साडेनऊला सोलापूरच्या सात रस्ता चौकातून गाडी सुटते. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरून शुक्रवारी सकाळी गणपतीपुळे. तिथे दोन मुक्काम, मग मालवणात दोन मुक्काम, आणि मंगळवारी सावंतवाडी, आंबोली, कोल्हापूरमार्गे मध्यरात्रीनंतर परत सोलापूर. एकूण धाव सुमारे अकराशे किलोमीटर. सोलापुरातल्याच एका टूरवाल्यांची ही ठरलेली सहल आहे. 35 सीटची एसी पुशबॅक गाडी, प्रवासी 32, सोबत एक टूर मॅनेजर. दोघांत एक खोली धरून माणशी 12,800 रुपये आणि त्यावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 13,440. त्यात चार मुक्काम, सकाळचा चहा-नाष्टा आणि दोन वेळचं शाकाहारी जेवण येतं. नावेची तिकिटं, किल्ल्यावरचे कर, मासळीची थाळी, स्कूबा हे सगळं ज्याचं त्याने भरायचं.

आधी निकाल सांगतो. घरात साठीच्या पुढची माणसं असतील, घाटात स्वतः गाडी चालवायची नसेल आणि खोल्या शोधत फिरायचं नसेल, तर ही सहल घ्या. राहण्याची आणि जेवणाची व्यवस्था चोख आहे. पण वेळेची वाटणी चुकली आहे. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग या ज्या दोन किल्ल्यांसाठी एवढ्या लांब जायचं, त्यातल्या विजयदुर्गाला 50 मिनिटं मिळतात आणि काजूच्या दुकानाला सव्वा तास. हे बुकिंगच्या वेळी बोलून, लिहून घेऊन बदलता येतं. गाडी सुटल्यावर बदलता येत नाही.

वाराचं गणित मात्र टूरवाल्यांनी नीट बसवलंय, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. गुरुवारच्या गाडीने गेलं की रत्नागिरी शनिवारी येते आणि सिंधुदुर्ग सोमवारी. शनिवार-रविवारी मालवणच्या जेट्टीवर पुण्या-कोल्हापूरच्या गाड्यांची रीघ लागते. सोमवारी सकाळी तीच जेट्टी निम्मी रिकामी असते. हेच टूरवाले शनिवारी रात्रीचीही एक गाडी सोडतात. ती घेऊ नका. त्या गाडीने रविवारच्या गर्दीत गणपतीपुळे होतं आणि रत्नागिरी सोमवारी, ज्या दिवशी थिबा राजवाड्यातलं संग्रहालय बंद असतं. मग राजवाडा बाहेरून बघून परत फिरायचं. तारीख ठरवताना पंचांगही उघडा. गणपतीपुळ्याच्या दिवशी संकष्टी, त्यातून अंगारकी आली, तर दर्शनाच्या रांगेतच दुपार होते.

आता रात्रीचा प्रवास. सोलापूर सोडलं की तिऱ्हे, कामती, बेगमपूरचा भीमेवरचा पूल, माचणूर आणि मंगळवेढा; इथपर्यंत आणि पुढे मिरजेपर्यंत रस्ता चांगला, झोप लागते. कोल्हापूर सोडून मलकापूर मागे पडलं की मात्र वळणं सुरू होतात आणि पहाटे चार-साडेचारच्या सुमारास गाडी आंबा घाटाला लागते. ज्यांना गाडी लागते त्यांना नेमकी इथेच लागते: पोट रिकामं, अंधार असल्याने बाहेरचं काही दिसत नाही आणि माणूस अर्धवट झोपेत. उलटीची गोळी घाटात घेऊन उपयोग नाही, ती निदान तासभर आधी पोटात जायला हवी. त्यामुळे कोल्हापूरला गाडी चहाला थांबते तेव्हाच घ्या. रक्तदाबाची, साखरेची औषधं चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा, कारण उलटीच्या गोळ्यांनी झोप येते. रात्री निघताना पोटभर जेवण नको. दोन धपाटे आणि शेंगाची चटणी, बास.

सीट निवडताना तिसऱ्या ते पाचव्या रांगेतली मागा. पहिल्या दोन रांगांत समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे रात्रभर डोळ्यांवर येतात. मागच्या चाकावरच्या सीटला पाय ठेवायला जागा कमी आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. शेवटच्या रांगेची पाठ पूर्ण मागे जात नाही. ही कंपनी सीट रोज फिरवत नाही, जी पहिल्या रात्री ती शेवटपर्यंत, म्हणून बुकिंगलाच नंबर पावतीवर लिहून घ्यावा. उजवी बाजू मिळाली तर उत्तम. गणपतीपुळ्याहून मालवणापर्यंत गाडी दक्षिणेला जाते, म्हणजे समुद्र सगळा उजव्या खिडकीला. आरे-वारेच्या चढावर डाव्या बाजूचे लोक उठून उजवीकडे वाकतात आणि मॅनेजर त्यांना खाली बसा म्हणून सांगत राहतो.

घाट उतरवण्याची पद्धत बघून चालक ओळखावा. जाणता चालक घाटाच्या तोंडालाच खालचा गिअर टाकतो, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या जोरावर गाडी धरणारा) लावतो आणि पायाचा ब्रेक वळणापुरता वापरतो. गाडी घरघरत, सावकाश उतरते. ज्या गाडीत दर वळणाला एअर ब्रेकचा ‘फुस्स’ आवाज येतो आणि पाच-सात वळणांनंतर ब्रेकच्या लायनरचा जळका वास आत येऊ लागतो, तिथे चालक सगळा भार ब्रेकवर टाकतोय. लायनर तापले की ब्रेक धरेनासे होतात. तसा वास आला तर मॅनेजरला सांगून गाडी बाजूला घ्यायला लावा, पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या. संकोच करू नका. आमच्या फेरीत जाताना दोन चालक होते. पहिल्याने मिरजेपर्यंत आणली, ताज्या दमाच्या दुसऱ्याने घाट उतरवला, आणि अतिशय सुरेख उतरवला.

तक्रार परतीची आहे. शेवटच्या दिवशी मालवण ते सोलापूर सुमारे 430 किलोमीटर आणि मध्ये आंबोलीचा चढ, तरी चालक एकच. दुसरा रविवारीच परत पाठवलेला. 1961 च्या मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्याने चालकाला दिवसाचे आठ तास घालून दिले होते. इथे स्टिअरिंगवरचे तासच अकराच्या घरात गेले. मिरज सोडल्यावर रात्री अकराला त्याने दोनदा गाडी थांबवून तोंडावर पाणी मारलं. थांबला हे चांगलंच केलं, पण ती वेळ त्याच्यावर यायलाच नको होती. म्हणून बुकिंग करताना ‘दोन ड्रायव्हर आहेत ना’ एवढंच विचारू नका, ‘परतीच्या दिवशी दोन आहेत ना’ असं विचारा. काच फोडायच्या हातोड्या आणि आग विझवायचं नळकांडं जागेवर आहे का, हेही चढल्या चढल्या बघा. आमच्या गाडीत चारपैकी दोनच हातोड्या होत्या.

गाडी सकाळी सातला गणपतीपुळ्यात पोचते आणि खोल्या अकरानंतर मिळतात. रात्रीच्या प्रवासाच्या बहुतेक सहलींचं हे दुखणं आहे, आणि माहितीपत्रकात ते ‘फ्रेश होऊन दर्शन’ या तीन शब्दांत दडलेलं असतं. प्रत्यक्षात 32 माणसांना चार खोल्या दिल्या. एका खोलीत आठ जण, प्रत्येकाला पंधरा मिनिटं धरली तरी शेवटच्या माणसाची अंघोळ नऊला. यावर उपाय एकच: पहिल्या दिवसाचे कपडे, टॉवेल, साबण आणि औषधं वेगळ्या छोट्या पिशवीत, पायाशी ठेवायची. मोठ्या बॅगा डिकीत गेल्या की अकरापर्यंत निघत नाहीत. टॉवेलवरून आठवलं, आपला सोलापुरी टर्किश टॉवेल नेऊ नका. घरी गच्चीवर तासाभरात वाळतो, तिथल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो आणि वास मारतो. पातळ पंचा न्या, दोन न्या. पांघरायला मात्र काही नेण्याची गरज नाही. गाडीत सोलापुरी चादरी देतात, धुतलेल्या, घडी मोडलेली नाही अशा. ही गोष्ट मनापासून आवडली.

गणपतीपुळ्याचं देऊळ समुद्राकडे तोंड करून डोंगराच्या पायथ्याशी आहे, आणि तो डोंगरच गणपती मानून त्याला प्रदक्षिणा घालतात. अंतर साधारण एक किलोमीटर, पायवाट बांधलेली, पण थोडा चढ-उतार आहे. गुडघ्याचा त्रास असेल तर दुपारी नको, पाय भाजतात. दर्शन झाल्यावर सगळे पाण्याकडे धावतात, आणि इथे कळकळीने सांगावंसं वाटतं: गणपतीपुळ्याच्या समुद्रात पोहायला उतरू नका. किनारा दिसायला सपाट, पण काही पावलांतच तळ एकदम खाली जातो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. उजनीत किंवा विहिरीत पोहणारा माणूस इथे फसतो, कारण त्याला लाटेच्या ओढीची सवय नसते. घोट्याइतक्या पाण्यात उभं राहिलात तरी पुरे. मॅनेजरने शिट्टी घेऊन किनाऱ्यावर उभं राहून सगळ्यांना मागे ठेवलं, त्याबद्दल त्याचे आभार.

भरती-ओहोटीचा कोकणातला ठोकताळा पाठ करून जा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरले की सव्वाअकरा. एक भरती दिवसा, एक रात्री, आणि मधल्या सहा तासांनी ओहोटी. थोडं मागंपुढं होतं, पण कुठल्या वेळी किनारा मोकळा असेल आणि कुठल्या वेळी पाणी वर येईल, याचा अंदाज घरबसल्या कॅलेंडरवरून येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण मोठं, त्या दोन-तीन दिवसांत नावेत चढताना-उतरताना त्रास जास्त.

संध्याकाळी मालगुंडला नेतात, गणपतीपुळ्याला अगदी लागून. केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक. 1866 मध्ये जन्मलेला हा कवी 1905 मध्ये गेला, चाळिशीही गाठली नाही. कवितांचं दालन शांतपणे बघण्यासारखं आहे, अर्धा तास पुरतो.

शनिवारची रत्नागिरी ठीक होते. टिळकांचं जन्मस्थान, रत्नदुर्गावरची भगवती, आणि थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत करून इकडे आणून ठेवला. त्याच्यासाठी हा राजवाडा बांधून झाला 1910 च्या सुमारास, आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. म्हणजे तीस वर्षांच्या कैदेत स्वतःच्या घरात तो जेमतेम पाच-सहा वर्षं राहिला. वरच्या मजल्यावरून खाली खाडी दिसते, तिथे थोडं थांबा. गाईड तळमजल्यावरच सगळं सांगून टाकतो, वर यायला सांगावं लागतं.

या सगळ्या सहलीतला चुकलेला दिवस रविवार. नाष्टा करून साडेआठला निघायचं, पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी, तिथे दुपारची खिचडी प्रसादाला, मग कशेळीचा कनकादित्य, मग काजूचं दुकान, मग विजयदुर्ग, मग कुणकेश्वर, आणि मुक्कामाला मालवण. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा हा रस्ता कोकणातल्या सर्वांत देखण्या रस्त्यांपैकी आहे, पण अरुंद आहे. समोरून एसटी आली की एका गाडीला मागं सरकावं लागतं. रत्नागिरी ते विजयदुर्ग नुसतं चालवायलाच तीन तास लागतात. हे ठाऊक असूनही पाच थांबे कोंबल्यामुळे विजयदुर्गाच्या दरवाजात गाडी सव्वाचारला लागली आणि पाच वाजून पाच मिनिटांनी शिट्टी वाजली.

विजयदुर्गाला किमान अडीच तास हवेत. मूळ किल्ला शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या काळातला, नाव घेरिया. शिवाजी महाराजांनी 1653 मध्ये आदिलशाहीकडून घेतला, तटबंदी वाढवून तिहेरी केली. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं झालं, आणि 1756 मध्ये इंग्रजांनी समुद्रातून तोफा डागून ते घेतलं. या किल्ल्याची खरी गंमत तीन तटांच्या मधल्या वाटेने चालत जाण्यात आहे. एका बाजूला काळा दगड, दुसऱ्या बाजूलाही काळा दगड, डोक्यावर आभाळाची पट्टी, आणि समुद्र दिसत नाही पण भिंतीपलीकडे आदळताना ऐकू येतो. वळसा घेऊन बुरुजावर आलात की एकदम वाघोटनची खाडी आणि उघडं पाणी समोर. 50 मिनिटांत यातलं काही होत नाही. दरवाजातला मारुती, पहिलं पटांगण, एक फोटो, की परत. तटाचे काही भाग ढासळलेले आहेत, कडेला उभं राहू नका, आणि स्लीपर नकोत, बूट घाला.

इथला स्थानिक गाईड ‘साहेबाचे ओटे’ दाखवतो आणि सांगतो की लॉकियर साहेबाने या ओट्यांवरून हेलियमचा शोध लावला. ओटे जरूर बघा, पण गोष्ट तशी नाही. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरहून सूर्य पाहत होता. नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता आणि त्याने सूर्यप्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा तिथूनच, ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना टिपली. टूर मॅनेजरला हे सांगितलं तेव्हा त्याने वहीत लिहून घेतलं. पुढच्या फेरीला बरोबर सांगेल अशी आशा आहे.

वेळ काढायची तर कुठून काढायची? काजूचा थांबा पूर्ण गाळा, तेच काजू मालवणच्या बाजारात संध्याकाळी निवांत मिळतात. सकाळी साडेआठऐवजी सातला निघा, नाष्टा डब्यात बांधून घ्या. एवढ्यावर विजयदुर्ग दुपारी दोनच्या आत येतो, कुणकेश्वराला उजेडात पोचता येतं आणि समुद्रावरचा सूर्यास्त देवळाच्या पायरीवरून मिळतो. आमच्या फेरीत कुणकेश्वराला सात वाजले. डिसेंबरात तिथे सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो. देऊळ दिव्यात छान दिसतं, पण ते किनाऱ्यावर आहे हे अंधारात कळलंसुद्धा नाही. दहा-बारा जणांनी मिळून आधी मागणी केली तर टूरवाले हा बदल करतात, त्यांच्या ऑफिसात तसं स्पष्ट सांगितलं.

मालवणचा दिवस सगळ्यांत चांगला गेला. सोमवारी साडेआठला जेट्टी. ओहोटी असेल तर पायऱ्या खालपर्यंत उघड्या पडतात आणि खालच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ असतं. नाव लाटेबरोबर वर-खाली होत असते. चढताना नाव वर येते त्या क्षणी पाय टाकायचा, खाली जात असताना नाही. खलाशी हात पुढे करतो. त्याचे बोट नाही, मनगट धरायचं, आणि त्याने तुमचं. मधल्या फळीवर बसायचं, काठावर नाही. लाइफ जॅकेटचे पट्टे बांधूनच घ्या, नुसतं गळ्यात अडकवलेलं जॅकेट पाण्यात वर निघून येतं. साडी असेल तर ओचा वर खोचून. एवढं सांभाळलं तर सत्तरीच्या आजीही आरामात चढतात, आमच्यात तिघी होत्या.

सिंधुदुर्गाची पायाभरणी 25 नोव्हेंबर 1664 ची, बांधकाम तीन वर्षांत पुरं. कुरटे बेटाचं 48 एकर क्षेत्र, नागमोडी तट, आणि दरवाजा असा लपवलेला की नाव अगदी जवळ गेल्याशिवाय तो दिसतच नाही. दोन बुरुजांच्या मध्ये गोमुखी वळण आहे. दरवाजातून आत गेल्यावर वर दोन छोट्या घुमट्यांत चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. गर्दीत बरेच लोक खालूनच पुढे जातात. पुढे शिवराजेश्वराचं मंदिर, राजाराम महाराजांनी 1695 मध्ये बांधलेलं. मूर्ती आपण चित्रात बघतो तशी दाढीची नाही. मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, चारी बाजूंनी खारट समुद्र असताना. नाववाले साधारण तासाभरात परत या म्हणतात. तासात मंदिर आणि विहिरी होतात, तट होत नाही. मॅनेजरने आधीच बोलून परतीची नाव दोन तासांनंतरची ठरवली होती आणि ज्यांना चालायचं नव्हतं त्यांना मंदिराजवळ सावलीत बसवलं. या एका गोष्टीसाठी या टूरवाल्यांना बाकीच्यांपेक्षा वर ठेवावंसं वाटतं. पाण्याची बाटली प्रत्येकी एक लिटर न्या. सोलापूरचं ऊन सोसणाऱ्यालाही इथे घाम जास्त येतो, कारण हवा दमट असल्याने तो वाळत नाही.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातले विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग या सहलीत येतात, आणि तिसरा, पन्हाळा, कोल्हापूरपासून तासाभराच्याही आत आहे. परतीच्या दिवशी वेळ नाही हे खरं, पण एक मुक्काम वाढवून पन्हाळा जोडला तर जास्तीचे पैसे द्यायला लोक तयार होतील.

दुपारी तारकर्ली आणि देवबाग. स्कूबा ऐच्छिक. त्याआधी भरपेट जेवू नका. दमा, कानाचं दुखणं, रक्तदाब असेल तर उतरू नका. पाण्याखाली प्रशिक्षक धरूनच नेतो, पोहता येण्याची अट नाही, पण तोंडाने श्वास घ्यायचा सराव वरच नीट करून घ्या. पाणी गढूळ असेल तर त्या दिवशी काही दिसत नाही, पैसे भरण्याआधी विचारा.

जेवणाबद्दल. नाष्ट्याला घावणे, आंबोळी, नारळाची चटणी. दुपारी-रात्री चपाती, तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी, भात. एके रात्री उकडीचे मोदक. चव घरगुती आणि हात सढळ. आपल्याकडच्या मंडळींना तिसऱ्या दिवसापासून ज्वारीची आठवण येते आणि भाज्यांतलं खोबरं गोडसर वाटतं. कडक भाकरी पाच-सहा दिवस टिकते, घरून दहा-बारा बांधून न्या, सोबत शेंगाची चटणी. मासे खाणाऱ्यांनी मालवणात थाळी मागण्याआधी माशाचं नाव आणि आकार बघून दर ठरवावा. सुरमई-पापलेटचे दर रोज बदलतात, बांगडा नेहमी परवडतो आणि ताजा असतो. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या माशाची अपेक्षा ठेवू नये. पावसाळ्यात किल्ल्याच्या नावाही बंद असतात. तरी ‘वर्षा सहल’ म्हणून सिंधुदुर्ग दर्शन छापलेलं दिसतं. या धंद्यात ‘दर्शन’ म्हणजे लांबून बघणं आणि ‘भेट’ म्हणजे आत जाणं. माहितीपत्रकातला प्रत्येक ‘दर्शन’ शब्द पेनाने गोल करा आणि विचारा, आत नेणार की किनाऱ्यावरून दाखवणार.

काजू घेताना पाकिटावरचा नंबर वाचा. डब्ल्यू 180, 240, 320 हे आकडे एका पौंडात साधारण किती गर बसतात ते सांगतात, म्हणजे आकडा लहान तितका काजू मोठा आणि महाग. घरच्या वापराला 320 पुरतो. कोकमाचं आगळ आणि सरबताचा पाक वेगळे. आगळात मीठ असतं, साखर नसते, सोलकढीला ते लागतं. चुकून पाक आणला तर सोलकढी गोड होते.

मंगळवारी सावंतवाडीत चितार आळीत लाकडी खेळण्यांना तासभर, मग आंबोली. घाटाच्या चढावर गाडी थांबवू देत नाहीत, त्यामुळे फोटो वरच्या थांब्यावरून. कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन ठरवलेलं, पण मंगळवार देवीचा वार. रांग दीड-दोन तासांची होती, निम्म्या मंडळींनी मुखदर्शनावर समाधान मानलं. गाडी सोलापुरात रात्री सव्वा वाजता आली. घरपोच सोडण्याची सोय नाही, सात रस्त्यावर त्या वेळी रिक्षावाले मागतील ते द्यावं लागतं, घरातल्या कुणाला तरी न्यायला सांगून ठेवा.

मॅनेजर कन्नड आणि तेलुगूही बोलतो. आमच्या गाडीत सोलापूरच्या पूर्व भागातल्या दोन आजी होत्या, त्यांना मराठी कळायचं पण सूचना भराभर दिल्या की सुटायचं. प्रत्येक थांब्यावर तो त्यांच्या सीटपाशी जाऊन किती वेळ थांबणार, स्वच्छतागृह कुठे आणि किती पायऱ्या हे तेलुगूत सांगायचा.

एप्रिल-मेच्या फेरीत आंब्याच्या पेट्या आणणार असाल तर एक ध्यानात ठेवा. देवगडला बागेतून घ्या आणि पेटी डिकीत टाकू नका. दिवसभर तापलेल्या डिकीत, बॅगांच्या ओझ्याखाली हापूस एका बाजूने शिजल्यासारखा मऊ पडतो. वर, पायाशी, एसीच्या हवेत ठेवा. घरी पोचल्यावर रात्रीच पेटी उघडून फळं गवतावर सुटी मांडा, देठ वर करून.